बर्चच्या पानात राहणारी करवत माशी : ओळख, निरीक्षण आणि झाडाची निगा

कॅनडात किंवा अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत घर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांना अंगणात पांढऱ्या सालीचे बर्चचे झाड आयतेच मिळते. ज्या भूर्जवृक्षाच्या सालीवर हिमालयाच्या परिसरात शतकानुशतके पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच कुळातले हे झाड आहे. मे महिन्यात त्याला कोवळी पालवी फुटते आणि जूनच्या मध्यापर्यंत त्याच पालवीवर भाजल्यासारखे तपकिरी चट्टे दिसू लागतात. असे झाले की बहुतेक नवे घरमालक रोपवाटिकेतून कीटकनाशकाची बाटली आणतात आणि झाडावर फवारतात. त्या फवाऱ्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण पान तपकिरी होईपर्यंत त्यातली अळी बहुधा खाणे संपवून जमिनीत उतरलेली असते. या कीटकाच्या बाबतीत औषधापेक्षा दिनदर्शिका महत्त्वाची आहे. तो कोणत्या आठवड्यात कुठे असतो हे एकदा कळले, की काय करायचे आणि काय करायचे नाही हे ठरवणे सोपे जाते. हा लेख ज्यांनी या कीटकाकडे आजवर कधी लक्ष दिले नाही, त्यांच्यासाठी आहे. त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे दहा पट मोठे दाखवणारे एक भिंग, एक बारीक सुई, एक पांढरा ट्रे आणि एक वही.

आधी कीटकाची ओळख

करवत माशी ही नावाने माशी असली, तरी मधमाश्या, मुंग्या आणि गांधीलमाश्या ज्या गणात येतात त्याच गणातली आहे. माशीला दोन पंख असतात, हिला चार असतात. गांधीलमाशीची कंबर अगदी बारीक असते, तर हिचे पोट छातीला रुंद जोडलेले असते, त्यामुळे मधे कंबर अशी दिसतच नाही. मादीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालण्यासाठी दातेरी पात्यांचा एक अवयव असतो. त्याने ती पानाच्या पृष्ठभागाला चीर पाडते आणि आतल्या उतीत अंडे ठेवते. ही माशी चावत नाही आणि डंखही मारत नाही, तेव्हा मुलांना घेऊन निरीक्षण करायला काहीच हरकत नाही.

महाराष्ट्रात शेतीशी संबंध असलेल्यांना मोहरीवर आणि मुळ्यावर पडणारी करवत माशीची काळसर अळी माहीत असते. ती अळी पानावर उघड्यावर बसून पान कुरतडते. बर्चवरच्या ज्या करवत माश्यांविषयी आपण बोलत आहोत, त्यांच्या अळ्या पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांच्या मधे राहतात आणि तिथला हिरवा गर खातात. टोमॅटोवरची नागअळी हेच करते, परंतु नागअळी पुढे सरकत खाते आणि तिच्यामागे वेडीवाकडी पांढरी रेघ उमटत जाते. बर्चमधली अळी मात्र चारही दिशांना खात सुटते, त्यामुळे रेघ न उमटता एक पसरट फोड तयार होतो. एकाच पानात तीन-चार अळ्या असल्या तर त्यांचे फोड एकमेकांत मिसळतात आणि अर्ध्याहून अधिक पान पोकळ होते.

उत्तर अमेरिकेत बर्चच्या पानात अशा रीतीने राहणाऱ्या करवत माश्या मूळच्या युरोपातल्या आहेत. त्यांपैकी तीन नवशिक्याने ओळखायला हव्यात. पहिली फेनुसा प्युमिला. जुन्या पुस्तकांत ती फेनुसा प्युसिला या नावाने सापडेल. अमेरिकेत तिची पहिली नोंद १९२३ मध्ये कनेक्टिकट राज्यात झाली आणि पुढच्या काही दशकांत ती ईशान्येकडील राज्ये ओलांडून कॅनडाभर पसरली. दुसरी प्रोफेनुसा थॉमसोनाय. ही कॅनडातील एडमंटन शहरात सत्तरच्या दशकात आणि अलास्कातील अँकरेज परिसरात १९९६ मध्ये आढळली. तिसरी हेटरार्थ्रस नेमोरॅटस. ती पानाच्या कडेपासून खायला सुरुवात करते. तिघींची घरे एकसारखी दिसत असली तरी त्यांचे वेळापत्रक वेगळे आहे, आणि म्हणूनच उपायही वेगळे आहेत.

पायरी पहिली : झाड कोणते आहे ते पाहा

सगळ्या बर्चना हा त्रास सारखा होत नाही. कागदासारखी पांढरी साल सुटणारा पेपर बर्च, करडा बर्च आणि फांद्या खाली झुकणारा युरोपीय पांढरा बर्च, या तिघांवर करवत माशीचा मोठा भर असतो. नदीकाठी वाढणारा रिव्हर बर्च, ज्याची साल तांबूस तपकिरी असून तिचे कुरळे पापुद्रे निघतात, तो जवळजवळ निर्धास्त असतो. पिवळा बर्च आणि काळा बर्च यांनाही क्वचितच उपद्रव होतो. नवे झाड लावण्याचा विचार असेल आणि हवामान फार थंड नसेल, तर मी रिव्हर बर्चच सुचवेन. झाड आधीपासून असेल, तर त्याची साल, पानांचा आकार आणि फांद्यांची ठेवण यांची छायाचित्रे काढून प्रजाती नक्की करून घ्या.

याच वेळी झाडाची एक सवय लक्षात ठेवावी. बर्चच्या फांद्या दोन प्रकारच्या असतात. आखूड फांद्यांवर वसंतात एकदाच पाने येतात आणि ती लवकर निबर होतात. लांब फांद्यांचे शेंडे मात्र उन्हाळाभर वाढत राहतात आणि नवी पाने काढत राहतात. फेनुसाच्या मादीला अंडे घालायला न उलगडलेले किंवा नुकतेच उलगडत असलेले कोवळे पान लागते. त्यामुळे मे महिन्यात तिला संपूर्ण झाड मोकळे असते, तर जुलैमध्ये केवळ लांब फांद्यांचे शेंडे उरतात. जूनचे नुकसान झाडभर दिसते आणि पुढचे टोकांपुरते राहते, याचे कारण हेच आहे.

पायरी दुसरी : मे महिन्यात माशी शोधा

बर्चची पाने निम्मी वाढली की जमिनीत हिवाळा काढलेल्या फेनुसाच्या माश्या बाहेर पडतात. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या राज्यांत, ही वेळ साधारणपणे मेच्या पहिल्या पंधरवड्यात येते, तर कॅनडाच्या प्रेअरी, म्हणजे मधल्या गवताळ मैदानांच्या, प्रांतांत ती मेच्या उत्तरार्धापर्यंत पुढे जाते. तारखेपेक्षा पानाच्या वाढीवर लक्ष ठेवणे अधिक भरवशाचे, कारण वसंत लवकर आला तर माशीही लवकर येते.

ऊन असलेल्या, वारा नसलेल्या दिवशी दुपारच्या सुमारास झाडाजवळ उभे राहा आणि आपल्या डोळ्यांच्या उंचीवरच्या शेंड्यांकडे काही मिनिटे शांतपणे पाहा. जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचे काळे कीटक कोवळ्या पानांभोवती घुटमळताना दिसतील. पानावर बसलेली मादी शिंगे हलवत मुख्य शिरेच्या आसपास फिरते, थांबते, पोटाचे टोक पानात रुतवते आणि काही क्षणांनी पुढे सरकते. ढगाळ किंवा थंड दिवशी ही हालचाल दिसणार नाही. बारीक कीटक टिपण्याची नजर नसेल, तर पिवळा चिकट सापळा फांदीच्या टोकाजवळ टांगावा. फेनुसा पिवळ्या रंगाकडे आकर्षित होते. मात्र मधमाश्या आणि इतर निरुपद्रवी कीटकही त्याला चिकटतात, म्हणून सापळा दोन-चार दिवसांपेक्षा अधिक ठेवू नये. त्याचा उपयोग माशी आली का, एवढे कळण्यापुरताच आहे. सापळ्याने कीड आटोक्यात येत नाही.

पायरी तिसरी : पान उजेडात धरा

या अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत सोपा भाग हा आहे. पान तोडण्याची गरज नाही. फांदी हलकेच वाकवून पान आभाळाच्या दिशेने धरा आणि त्यातून पलीकडे पाहा. अंडे घातलेल्या जागी, बहुतेक वेळा पानाच्या मध्यभागी, मुख्य शिरेच्या जवळ, करडसर हिरवे बारीक ठिपके दिसतात. आठवडा-दहा दिवसांत अंडी उबतात आणि त्या ठिपक्यांच्या जागी मूत्रपिंडाच्या आकाराचे फिकट डाग दिसू लागतात. या अवस्थेत पान वरून पाहिले तर जवळजवळ निरोगी वाटते, उजेडात धरले तरच खरी स्थिती कळते. म्हणूनच मे अखेरपासून दर दोन-तीन दिवसांनी त्याच फांदीवरची तीच पाने उजेडात धरून पाहण्याची सवय लावून घ्यावी. पानाच्या देठाला रंगीत दोरा बांधला तर पान चुकत नाही.

डाग नखाएवढा झाला की आत हलणारी सावली दिसते. अळी पानाच्या प्रतलात सपाट पडून खात असते, आणि तिच्याभोवती काळ्या विष्ठेच्या गोळ्या विखुरलेल्या असतात. आता एक पान तोडावे, वरचा सुटलेला पापुद्रा सुईने कडेपासून उचलावा आणि हळूहळू मागे सारावा. तो सहज निघतो, कारण त्याला आतून धरून ठेवणारा गर अळीने खाल्लेला असतो. आतली अळी पांढुरकी, काहीशी पारदर्शक आणि वरून-खालून दाबल्यासारखी चपटी असते. डोके पाचरीसारखे पुढे निमुळते होते आणि जबडे समोरच्या बाजूला वळलेले असतात, जेणेकरून दोन पापुद्र्यांमधल्या अरुंद जागेत तोंड खाली न वळवता खाता यावे. तिच्या पारदर्शक पाठीतून आतड्यातला हिरवा गर सरळ दिसतो. आता अळीला ओल्या बारीक कुंचल्याने उताणी करा. फेनुसाची अळी असेल, तर छातीच्या खालच्या बाजूला काळे ठिपके ओळीने दिसतील. छातीच्या तीन जोड्या पाय असतात, पण ते इतके आखूड झालेले असतात की भिंगाशिवाय लक्षात येत नाहीत. उघड्यावर राहणाऱ्या करवत माशीच्या अळ्यांना पकड घेण्यासाठी पोटाखाली मांसल पायांच्या ओळी असतात. पानाच्या आत राहणाऱ्या या अळीला पकड घेण्याची गरज नसते आणि तिचे सगळेच पाय खुंटत गेले आहेत.

इथे दोन गोष्टींची गल्लत टाळावी. नागअळी ज्या माशीची असते, त्या माशीच्या अळीला पाय नसतात आणि वेगळे असे डोकेही नसते. बर्चच्या पानात वसंतात काही पतंगांच्या अळ्याही राहतात, आणि त्यांचे फोड वरवर पाहता असेच दिसतात. एरिओक्रेनिया या पतंगाच्या अळीची विष्ठा मात्र लांब, गुंतलेल्या धाग्यांसारखी असते. गोळ्या असतील तर करवत माशी आणि धागे असतील तर एरिओक्रेनिया, एवढे या दोघांत फरक करायला पुरते.

पायरी चौथी : अळी पान सोडते तो आठवडा पकडा

फेनुसाची अळी दहा ते पंधरा दिवस खाते. या काळात ती एका पानातून दुसऱ्या पानात जाऊ शकत नाही. ज्या पानात जन्मली, तेच तिचे अन्न आणि तेच तिचे घर असते. पूर्ण वाढ झाली की ती साधारण सहा मिलिमीटरची होते, पापुद्र्याला छिद्र पाडते आणि जमिनीवर पडते. मातीत दोन ते पाच सेंटिमीटर खोल जाऊन ती स्वतःभोवती मातीची लहानशी कोठडी करते. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत तिच्यातून माशी बाहेर येते आणि पुढची पिढी सुरू होते. हवामानानुसार वर्षाला दोन ते चार पिढ्या होतात. शेवटच्या पिढीतल्या अळ्या त्याच कोठडीत हिवाळा काढतात.

अळ्या पडण्याची वेळ नक्की करण्यासाठी मोठे फोड असलेल्या फांदीखाली पांढरा ट्रे ठेवावा आणि त्यात बोटभर पाणी घालावे. रोज सकाळी त्यात पडलेल्या अळ्या मोजून वहीत तारखेसह लिहाव्यात. काही दिवस आकडा वाढत जातो, मग एकदम घसरतो. पडलेल्या अळ्या कमी होत असतानाच झाड सर्वांत अधिक तपकिरी दिसू लागते. ही दोन निरीक्षणे एकाच पानावर शेजारी लिहून पाहिली, की जूनमधल्या उशिराच्या फवारणीविषयी वेगळे सांगावे लागत नाही.

पायरी पाचवी : जुलैनंतर दुसरी आणि तिसरी माशी

फेनुसाचा जोर ओसरत असताना प्रोफेनुसाच्या माश्या जमिनीतून वर येतात. एडमंटन आणि अँकरेजसारख्या ठिकाणी ही वेळ जूनच्या अखेरीपासून जुलैभर असते. या प्रजातीत नर आढळलेले नाहीत. प्रत्येक मादी नराशिवायच अंडी घालते आणि त्यांतून पुन्हा माद्याच जन्मतात. त्यामुळे नव्या प्रदेशात एखादी मादी पोहोचली तरी वस्ती उभी राहू शकते, आणि ही माशी खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कशी गेली असेल, याचे बरेचसे उत्तर यातच आहे असे मला वाटते. कोठडीतल्या अळ्या रोपांच्या मुळांभोवतालच्या मातीतून नकळत लांबवर नेल्या जातात. म्हणून घर बदलताना बर्चचे रोप मातीसकट सोबत नेऊ नये, आणि मित्रांनाही देऊ नये.

प्रोफेनुसाला कोवळे पान लागत नाही. ती पूर्ण वाढलेल्या पानाच्या शिरांलगत अंडी घालते आणि झाडाच्या खालच्या, आतल्या, सावलीतल्या पानांवर तिची सुरुवात होते. फोड जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत दिसतात. पूर्ण वाढलेली अळी हिवाळ्यासाठी मातीत उतरते आणि थेट पुढच्या उन्हाळ्यात माशी होते, म्हणजे वर्षाला एकच पिढी. एखाद्या झाडाचे शेंडे हिरवे आणि खालचा अर्धा भाग ऑगस्टमध्ये तपकिरी असेल, तर भिंग हातात घेण्याआधीच प्रोफेनुसाचा संशय घ्यावा. याउलट जूनमध्ये शेंड्यांकडून सुरुवात झाली असेल तर ती फेनुसा.

हेटरार्थ्रसचीही वर्षाला एकच पिढी असते आणि तिचे फोड पानाच्या दातेरी कडेपासून आत सरकत जातात. हिची एक सवय बाकीच्या दोघींपेक्षा निराळी आहे. तिची अळी जमिनीत न उतरता पानाच्या आतच रेशमाची चकतीसारखी गोल कोठडी विणते, पानाबरोबर खाली पडते आणि गळलेल्या पानातच हिवाळा काढते. उन्हात धरल्यास ती गोल चकती स्पष्ट दिसते. याचा व्यावहारिक अर्थ असा की ऑक्टोबरमध्ये गळलेली पाने गोळा करून अंगणाबाहेर काढली, तर हेटरार्थ्रसची संख्या खरोखर कमी होते. फेनुसा आणि प्रोफेनुसा यांच्यासाठी मात्र पाने गोळा करण्याचा काहीच उपयोग नाही, कारण त्यांच्या अळ्या केव्हाच मातीत गेलेल्या असतात. पाने झाडून घेण्याचा सल्ला अनेक जण सरसकट देतात. तो देण्याआधी कोणती माशी आहे हे विचारायला हवे.

पायरी सहावी : तिचे शत्रू ओळखा

मला या विषयाची ओढ लागली ती मुख्यतः या भागामुळे. युरोपात फेनुसा फारसा उपद्रव देत नाही, कारण तिथे तिच्यावर वाढणाऱ्या लहान गांधीलमाश्या आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९७४ पासून अशा दोन प्रजाती युरोपातून आणून सोडल्या. त्यांतील लॅथ्रोलेस्टिस निग्रिकॉलिस ही प्रजाती चांगली रुजली. तिची मादी पानाच्या पापुद्र्यातून आतल्या अळीला हेरते आणि तिच्या शरीरात अंडे घालते. अळी लगेच मरत नाही. ती खात राहते, पान सोडून मातीत उतरते आणि कोठडीही तयार करते, आणि त्यानंतर आतला पाहुणा तिला संपवतो. वसंतात त्या कोठडीतून करवत माशीऐवजी बारीक कंबरेची, लांब शिंगांची गांधीलमाशी बाहेर येते. मॅसॅच्युसेट्समध्ये कीटकशास्त्रज्ञ रॉय व्हॅन ड्रिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाचा कित्येक वर्षे पाठपुरावा केला. तिथे आणि आसपासच्या राज्यांत फेनुसा आज इतकी विरळ झाली आहे, की तिची घरे शोधावी लागतात.

एडमंटनमध्ये प्रोफेनुसाची कथा आणखी वेगळी आहे. नव्वदच्या दशकात तिथली प्रोफेनुसा झपाट्याने कमी झाली, आणि त्याचे श्रेय लॅथ्रोलेस्टिसच्याच एका प्रजातीला दिले गेले. ही गांधीलमाशी कोणी मुद्दाम आणून सोडलेली नव्हती. पुढे २००४ ते २००८ या काळात अलास्कातील बर्च वाचवण्यासाठी कॅनडातून हीच गांधीलमाशी गोळा करून अँकरेज परिसरात सोडण्यात आली. सुरुवातीला तिला आधीच माहीत असलेली एक युरोपीय प्रजाती समजले जात होते. बारकाईने अभ्यास झाल्यावर २०१० मध्ये तिचे लॅथ्रोलेस्टिस थॉमसोनाय या नावाने स्वतंत्र वर्णन झाले. एखाद्या शहरातील झाडे ज्या कीटकाने वाचवली, त्याला शास्त्रात नावच नव्हते, ही गोष्ट अंगणात भिंग घेऊन उभे राहणाऱ्या प्रत्येकाला उभारी देणारी आहे.

आपल्या झाडावर हे मित्रकीटक आहेत का, हे घरच्या घरी पाहता येते. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत पाच-सहा सेंटिमीटर ओलसर पीट (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाची भुसभुशीत माती) किंवा वाळूमिश्रित माती भरा. ज्यांच्यात अळ्या जवळजवळ पूर्ण वाढलेल्या आहेत, अशीच पाने तोडून त्यावर ठेवा. लहान अळ्या असलेली पाने घेऊ नयेत, कारण तोडलेले पान सुकते आणि अळी दुसऱ्या पानात जाऊ शकत नसल्याने उपाशी मरते. तोंडावर बारीक विणीचे कापड बांधा. काही दिवसांत अळ्या मातीत उतरल्या की सुकलेली पाने काढून टाका, नाहीतर बुरशी येते. माती कोरडी पडू देऊ नका आणि चिखलही होऊ देऊ नका. फेनुसाच्या उन्हाळी पिढीतल्या माश्या दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतील. प्रोफेनुसाच्या अळ्यांना थंडीचा काळ हवा असतो, म्हणून त्यांची बरणी बाहेर, सावलीच्या जागी मातीत गळ्यापर्यंत पुरून हिवाळाभर बर्फाखाली राहू द्यावी आणि मेपासून पुन्हा तपासायला सुरुवात करावी. बरणीत जाड कंबरेच्या माश्या किती आणि बारीक कंबरेच्या गांधीलमाश्या किती निघाल्या, हे प्रमाण वहीत लिहावे. गांधीलमाश्यांचा वाटा लक्षणीय असेल, तर झाडावर कोणतेही कीटकनाशक वापरू नये असे मी ठामपणे सांगेन, कारण त्यात करवत माशीपेक्षा तिच्या शत्रूचेच अधिक नुकसान होईल.

पायरी सातवी : झाडासाठी काय करावे

निरोगी बर्च एखाद्या वर्षी बरीच पाने गमावूनही सावरतो. फोड झालेले पान लगेच गळत नाही आणि त्याचा शाबूत भाग काम करत राहतो. धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. वर्षानुवर्षे पालवी गेलेले आणि त्यात पाण्याचा ताण सोसणारे झाड अशक्त होते, आणि अशा झाडावर ब्राँझ बर्च बोरर हा खोडकिडा येतो. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे करून अन्नवाहिन्या तोडतात. शेंड्याकडच्या फांद्या वाळायला लागणे आणि सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची बारीक छिद्रे दिसणे, ही त्याची लक्षणे आहेत. ही दिसली तर पानातल्या करवत माशीचा विचार बाजूला ठेवून प्रशिक्षित वृक्षतज्ज्ञाला बोलवावे. झाड मरते ते सहसा या किड्याने. पानांवरचे डाग त्याच्यापुढे किरकोळ आहेत.

त्यामुळे सगळी मेहनत मुळांवर खर्च करावी. बर्चची मुळे उथळ असतात आणि त्यांना थंड, ओलसर माती आवडते. पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा, फांद्यांच्या घेरापर्यंतची सगळी जमीन हळूहळू भिजेल असे पाणी द्यावे. हिरवळीसाठीच्या फवाऱ्याचे रोजचे दहा मिनिटांचे पाणी खाली पोहोचत नाही. शरद ऋतूत जमीन गोठण्यापूर्वी एकदा भरपूर पाणी द्यावे, विशेषतः प्रेअरी प्रांतांत. बुंध्याभोवती लाकडाच्या भुग्याचे किंवा सालींचे सात-आठ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये. नत्रयुक्त खत जोरात देऊ नये आणि उन्हाळ्यात छाटणी करू नये. दोन्हींमुळे अवेळी कोवळे फुटवे येतात आणि फेनुसाच्या पुढच्या पिढ्यांना आयते अन्न मिळते. शिवाय उन्हाळ्यातल्या ताज्या जखमा खोडकिड्याला बोलावतात. वाळलेल्या फांद्या काढायच्याच असतील, तर पानगळ झाल्यावर काढाव्यात.

लहान झाडावर पहिल्या पिढीची थोडीच पाने बाधित झाली असतील, तर आत अळी असतानाच ती खुडून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फेकणे, हा साधा आणि परिणामकारक उपाय आहे. मोठ्या झाडावर तो शक्य नाही आणि त्याची गरजही नाही.

राहिला प्रश्न औषधांचा. कॅनडात एकेकाळी बर्चच्या खोडावर डायमेथोएट या कीटकनाशकाचा पट्टा रंगवण्याची पद्धत होती. पुढे मुळांशी ओतायची इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके आली. ती पानापर्यंत पोहोचायला वेळ घेतात, त्यामुळे जूनमध्ये डाग पाहून दिलेला डोस त्या वर्षीच्या पहिल्या पिढीला लागू पडत नाही. बर्चचे परागीभवन वाऱ्याने होते, पण त्याच मातीत मुळे असलेली फुलझाडे ते औषध शोषून घेतात आणि त्यांच्या मधातून ते मधमाश्यांपर्यंत जाते. या औषधांचे नियम राज्याराज्यांत आणि प्रांताप्रांतांत वेगळे आहेत, काही ठिकाणी घरगुती वापराला परवानगीच नाही. अंगणातल्या शोभेच्या झाडावरील अशा डागांसाठी मी तरी औषध सुचवणार नाही. एखाद्या मौल्यवान, आधीच अशक्त झालेल्या झाडासाठी ते अपरिहार्य वाटले, तर परवानाधारक व्यक्तीकडूनच, लेबलवरील मात्रेनुसार आणि झाडाखाली फुलझाडे नसल्याची खात्री करून ते द्यावे.

वहीत काय लिहावे

पहिल्या वर्षी एकाच झाडावरच्या एका फांदीची नोंद पुरेशी आहे. पाने निम्मी उलगडल्याची तारीख, पहिली माशी दिसल्याची तारीख, उजेडात पहिला ठिपका दिसल्याची तारीख, ट्रेमध्ये सर्वांत अधिक अळ्या पडल्याचा दिवस आणि खालच्या पानांवर उशिराचे फोड सुरू झाल्याची तारीख, या पाच नोंदी करा. जोडीला ठरवलेल्या शंभर पानांपैकी किती पानांत फोड आहेत, हे जूनअखेरीस आणि ऑगस्टअखेरीस मोजा. छायाचित्रे काढताना एक पान वरून, एक उजेडात धरून आणि एक अळी उताणी करून, अशी तिन्ही काढावीत. केवळ तपकिरी डागाच्या चित्रावरून जाणकारालाही प्रजाती सांगता येत नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद चढवताना झाडाची प्रजाती आणि दिनांक अवश्य लिहा. दुसऱ्या वर्षी त्याच फांदीवर त्याच क्रमाने नोंदी झाल्या, की तुमच्या अंगणात माशी वाढते आहे की घटते आहे, हे आकड्यांवरून सांगता येईल, आणि बरणीत निघालेल्या गांधीलमाश्यांचे प्रमाण त्याशेजारी ठेवून कारणाचाही अंदाज बांधता येईल.